लेन्स घ्यायला येताना कॅमेरा सोबत आणा

"निकॉनची फिफ्टी (५० एमएमची लेन्स) आहे का?" असा फोन नाशकातल्या आमच्या दुकानात आठवड्यातून चार-पाच वेळा तरी येतोच. आमचा उलटा प्रश्न ठरलेला: "बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) कोणती?" उत्तर येतं, "निकॉनच." कोणता निकॉन म्हणून विचारलं की थोडी शांतता, आणि मग, "अहो तो काळा, डबल लेन्सवाला. भाच्याने घेऊन दिलाय." हे पत्रक त्या शांततेसाठी छापलंय.

फोनवर आम्ही लेन्सचा भाव सांगतो, लेन्स विकत नाही. कॅमेरा काउंटरवर आणायचा, लेन्स लावून बघायची, आत-बाहेर दहा-वीस फोटो काढायचे, मग पैसे. यावरून काही जण रागावतात. "ऑनलाइन तर कोणी एवढं विचारत नाही." खरंय, विचारत नाही. म्हणूनच न चालणाऱ्या लेन्स घेऊन लोक शेवटी आमच्या दारात येतात. ती लेन्स आमच्याकडची नसते, पण शनिवारची संध्याकाळ आमची जाते.

निकॉनवाल्यांनी हे आधी वाचा

गेल्या थंडीत पिंपळगावहून एक काका आले. डी ३५००, अगदी निगुतीने वापरलेला. मुलाने वाढदिवसाला ऑनलाइन फिफ्टी मागवून दिली होती. "लेन्स बाद आहे. लावली की एफईई असं काहीतरी येतं आणि फोटोच निघत नाही." आम्ही लेन्सवरची अ‍ॅपर्चरची रिंग (उजेड आत सोडणारं भोक लहान-मोठं करणारी) २२ वर फिरवली, बारीक खटका सरकवून लॉक केली. एफईई गेलं. काकांचा चेहरा खुलला. मग त्यांनी बटण अर्धं दाबलं. लेन्स ढिम्म. फोकस करेचना.

लेन्स बाद नव्हतीच. ती ५० एमएम एफ/१.८ डी होती. या जुन्या घडणीच्या लेन्समध्ये फोकसची मोटर नसते, ती बॉडीत असते असं गृहीत धरलेलं असतं. डी ९०, डी ७००० आणि त्यापुढच्या ७००० वाल्या बॉडीत ती आहे. डी ३००० आणि डी ५००० या दोन्ही मालिकांमध्ये नाही. म्हणजे ३१००, ३२००, ३३००, ३४००, ३५००, तसंच ५१०० पासून ५६०० पर्यंत कुठेच नाही. नाशकात घरोघरी नेमक्या याच बॉडी आहेत. आपली कोणती ते लेन्स काढून बघता येतं. मोटर असेल तर बॉडीच्या धातूच्या कड्यातून स्क्रूड्रायव्हरसारखं एक इवलंसं टोक बाहेर आलेलं दिसतं. डी लेन्सच्या मागे त्याच्या जोडीची खाच असते. खाच आहे आणि टोक नाही, म्हणजे फोकस हाताने.

हाताने फोकस करणं वाईट नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये खाली हिरवा ठिपका लागतो, तो स्थिर झाला की फोकस बसला. काकांना आम्ही तेच शिकवलं आणि ते आता त्याच लेन्सने द्राक्षाच्या घडांचे फोटो काढतात. घड कुठे पळत नाही. नातवंडं पळतात. त्यांच्यासाठी नावात एएफ-एस असलेली, म्हणजे मोटर आतच असलेली, ५० एमएम एफ/१.८ 'जी'च घ्यावी लागते. डी स्वस्त दिसते म्हणून घेतली जाते आणि मग दोनदा खर्च होतो.

दुसरी गंमत निकॉनच्याच नव्या एएफ-पी लेन्सची. नव्या ३४००, ३५००, ५६०० वर या फार छान चालतात, आवाज जवळपास नाहीच. पण ३१००, ३२०० किंवा ५१०० वर त्या फोकसच करत नाहीत. ३३०० आणि ५३०० वर चालतात, पण बॉडीचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) जुनं असेल तर आधी अपडेट करावं लागतं. ते आम्ही इथेच करून देतो, चहा होईपर्यंत होतं. आता सांगा, "निकॉन आहे" एवढ्यावर आम्ही लेन्स कशी पॅक करून द्यायची?

कॅननला ही कटकट नाही. ईएफ माउंटच्या लेन्समध्ये १९८७ पासून मोटर लेन्समध्येच आहे. तुमच्या १५००डी, ३०००डी किंवा २००डी वर लाल ठिपक्याची ईएफ आणि पांढऱ्या चौकोनाची ईएफ-एस, दोन्ही बसतात. फक्त आरएफ लिहिलेली लेन्स घेऊ नका. ती मिररलेसची, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांची. कुठल्याही अ‍ॅडॉप्टरने ती तुमच्या बॉडीवर नीट चालणार नाही, दुकानदार काहीही म्हणो.

"मागचं ब्लर होणारी द्या"

सगळ्यात जास्त मागणी याला. आणि इथे आम्ही स्वतःच्याच धंद्यावर थोडं पाणी सोडतो. तुमच्याकडे डबल किट (कॅमेऱ्यासोबत आलेल्या दोन लेन्स) असेल, म्हणजे १८-५५ बरोबर ५५-२५० किंवा ७०-३००, तर आधी एक करून बघा. सकाळी गोदाघाटावर माणसाला उभं करा, मागे लांबवर पाणी आणि देवळं येऊ द्या. मोठी झूम लावा, २५० वर न्या, फ्रेममध्ये छातीपर्यंतच माणूस येईल इतके मागे जा. मागचं सगळं विरघळतं. फिफ्टीपेक्षा जास्त विरघळतं. मागचं लांब असेल तर ब्लर ठरतो तो लेन्सच्या भोकाच्या व्यासावर. एमएमला एफच्या आकड्याने भागलं की तो व्यास येतो: २५० ला ५.६ ने भागा, साधारण ४५ मि.मी. येतात. ५० ला १.८ ने भागा, २८ च्या आत. अशी लेन्स तुमच्या कपाटात पडून आहे आणि तुम्ही "ब्लरवाली" शोधत फिरताय.

मग फिफ्टी कशाला? अंधारासाठी. एफ/१.८ वर एफ/५.६ च्या जवळजवळ दहापट उजेड आत येतो. हळदीचा कार्यक्रम, घरातली दिवाळी, मंदिराचा गाभारा, अशा ठिकाणी किट लेन्स आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड पकडण्याची तीव्रता) ६४०० पर्यंत ओढत नेते आणि फोटोत रवा सांडल्यासारखा दाणा दिसतो. तिथे फिफ्टी खरी कामाची. मात्र दीड मीटरवरून १.८ ला काढलेल्या फोटोत स्पष्ट येणारा भाग जेमतेम सहा सेंटीमीटर जाड असतो. नाक स्पष्ट, कान गेले. दोघांचा फोटो असेल तर ४ वर या. "लेन्स सॉफ्ट आहे" म्हणून परत आलेल्या बऱ्याच फिफ्टी आम्ही याच एका वाक्यावर परत पाठवल्या आहेत.

आणखी एक, जागेचं. या बॉडींचा सेन्सर लहान, त्यामुळे ५० ची लेन्स कॅननवर ८० सारखी आणि निकॉनवर ७५ सारखी दिसते. कॅननवर फिफ्टी लावून उभ्या माणसाचा पायापासून डोक्यापर्यंत फोटो घ्यायचा तर साधारण १३ फूट मागे जावं लागतं. सिडकोतल्या आमच्या स्वतःच्या घरी हॉल बारा फुटांचा आहे. पाठ भिंतीला लागते आणि तरी पाय कापले जातात. निकॉनची ३५ एमएम एफ/१.८ असेल तर नऊ फुटांत काम होतं. कॅननची २४ एमएम एफ/२.८, ती पातळ, भाकरीएवढी जाड लेन्स, तर सहा-साडेसहा फुटांतच. मुलांचे घरातले फोटो हेच मुख्य काम असेल तर आम्ही फिफ्टीच्या आधी या दोन दाखवतो. फिफ्टीचं नाव मोठं असल्यामुळे कोणी ऐकत नाही, म्हणून काउंटरपासून तेरा फुटांवर फरशीवर पिवळी चिकटपट्टी मारून ठेवलीय. तिथे उभं राहून बघा.

नांदूर मध्यमेश्वरला पक्षी टिपायला जायचंय

नोव्हेंबर लागला की हा प्रश्न सुरू होतो. महत्त्वाच्या पाणथळींच्या जागतिक रामसर यादीत आल्याचं २०२० मध्ये जाहीर झाल्यापासून गर्दीही वाढलीय. "किती लांबचं दिसतं?" याला उत्तर नाही, लांबचं तर चंद्रही दिसतो. विचारायचं ते असं: पक्षी फ्रेममध्ये केवढा येईल? निकॉनवर ३०० लावून चाळीस मीटरवर बघितलं तर आडवी तीन मीटरची पट्टी दिसते. बगळा त्यात चांगला बसतो. शेकाट्या फ्रेमच्या आठव्या हिश्शाएवढा. त्याच जागेवरून ५५ ने बघाल तर सतरा मीटरची पट्टी, म्हणजे पक्षी नाही, पाणथळीचा फोटो.

निकॉनच्या ७०-३०० एएफ-पी मध्ये दोन आहेत, व्हीआर (हात हलला तरी फोटो सावरणारी सोय) असलेली आणि नसलेली. दिसायला बहिणी-बहिणी. सेटमध्ये आलेली बहुतेकदा बिनव्हीआरची निघते. त्याने काही बिघडत नाही, फक्त ३०० वर शटर १/५०० सेकंदापेक्षा हळू ठेवू नका आणि आयएसओ ८०० ला घाबरू नका. उडणाऱ्या पक्ष्याला तर व्हीआर असून नसून सारखाच, तिथे १/१००० च लागतो. ही बिनव्हीआरची देऊन व्हीआरवाली बदलून घ्यायला येणाऱ्यांना आम्ही आधी एक थंडी तिच्यावरच काढायला सांगतो.

६०० ची मोठी लेन्स घेऊ का, असंही विचारतात. भाड्याने न्या. शनिवार-रविवारसाठी आम्ही देतो, ओळखपत्राची झेरॉक्स आणि अनामत लागते. महिन्याभरात तीच लेन्स विकत घेतलीत तर भाडं किमतीतून वजा. बरेच जण दोन किलोचं ओझं खांद्यावर घेऊन एक सकाळ फिरतात आणि सोमवारी हसत परत करतात. तेही चालेल. २०२७ च्या सिंहस्थाला मात्र आमच्याकडच्या लेन्स पुरणार नाहीत, नाव आत्ताच लिहून ठेवा. गर्दीत, धुळीत लेन्स बदलायचीच नसते, तिथे एकच १८-१३५ किंवा १८-१४० कॅमेऱ्यावर चढवून जायचं.

"पण डीएसएलआर तर संपला ना?"

नवे डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेले कॅमेरे, येत नाहीत, हे खरं. डी ३५०० आणि १५००डी दोन्ही २०१८ चे, त्यानंतर कंपन्या मिररलेसकडे वळल्या. पण तुमच्या कॅमेऱ्याने काल काढलेला फोटो आज वाईट झाला नाही. उलट लोक मिररलेसकडे जाताना जुन्या लेन्स विकतात, आणि त्यामुळे हौशी माणसाचे हे दिवस सुगीचे आहेत. आमच्या डावीकडच्या कपाटात वापरलेल्या लेन्स असतात. प्रत्येक लेन्स टॉर्च मारून बघितलेली, फंगस (काचेवरची बुरशी) नाही याची सहा महिन्यांची हमी बिलावर लिहून. बाहेरून घेणार असाल तरी घ्यायच्या आधी इथे आणून दाखवा, बघून देण्याचे पैसे घेत नाही. काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर स्वस्त मिळतेय म्हणून मोहात पडू नका.

आणि तुमच्याकडे आहेत त्यांचंही तसंच. इगतपुरी, त्र्यंबकला पावसात फिरून आलात की कॅमेरा ओल्या बॅगेत बंद करून गोदरेजच्या कपाटात ठेवू नका. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परत निळे होईपर्यंत भाजायचे. डांबराच्या गोळ्या नकोत.

कॅमेऱ्यासोबत मेमरी कार्डही असू द्या, रिकामं न करता. लेन्स सुचवण्याआधी आम्ही तुमचे शेवटचे दोन-तीनशे फोटो संगणकावर घालून किती एमएमवर काढलेत ते बघतो, तुमच्यासमोरच. पंचवटीतल्या एक ताई ७०-३०० घ्यायला आल्या होत्या. त्यांचे निम्म्याहून जास्त फोटो १८ वर होते: घाट, वाडे, रंगपंचमीच्या रहाडी (रंगाच्या पाण्याचे जुने हौद). त्यांना आणखी लांबचं नव्हे, आणखी रुंद हवं होतं. त्या १०-१८ घेऊन गेल्या. घरगुती फोटो दाखवायला संकोच वाटत असेल तर कार्ड देऊ नका, काही बिघडत नाही. आम्ही तोंडी विचारू, थोडा वेळ जास्त लागेल.

शनिवारी संध्याकाळी गर्दी असते, मंगळवार-बुधवारी दुपारी निवांत बोलता येतं. आणि बॅटरी चार्ज करून आणा. कॅमेरा आणा म्हटल्यापासून लोक कॅमेरा आणतात, पण तो दिवाळीनंतर चालूच केलेला नसतो. एलपी-ई१० आणि ईएन-ईएल१४ या दोन बॅटऱ्या आम्ही काउंटरवर चार्ज करून ठेवतो. २००डी वाल्यांची एलपी-ई१७ एकच आहे आणि ती नेहमी कोणीतरी आधीच लावलेली असते.