आर्थिक विषमता, लोकशाही आणि लोकानुनय

समाजात उत्पन्न, संपत्ती आणि सार्वजनिक सेवा यांची वाटणी फार असमान असणे म्हणजे आर्थिक विषमता. लोकशाहीत प्रत्येकाचे मत एक आणि त्याची किंमतही एकच. बाजारात मात्र ज्याच्या खिशात जेवढे, तेवढे त्याचे वजन. हे दोन नियम एकाच समाजात एकाच वेळी चालतात आणि त्यांची ओढाताण कायम सुरू असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत हेच बजावले होते : २६ जानेवारी १९५० पासून राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगतीत आपण पाऊल ठेवत आहोत, ती लवकर मिटवली नाही, तर तिचे चटके सोसणारेच लोकशाहीचा डोलारा उधळून लावतील. संपत्ती मूठभरांच्या हाती एकवटू नये, हे संविधानाच्या अनुच्छेद ३९ मध्ये आहे. उत्पन्नातील विषमता कमी करण्याचे कर्तव्य ४४ व्या घटनादुरुस्तीने (१९७८) अनुच्छेद ३८ मध्ये घातले गेले. दोन्ही कलमे मार्गदर्शक तत्त्वांत मोडतात, म्हणजे त्यांच्या आधारे न्यायालयात दाद मागता येत नाही.

‘लोकानुनय’ हा शब्द मराठीत दोन अर्थांनी वापरला जातो आणि बरीच गफलत तिथूनच सुरू होते. एक अर्थ म्हणजे निवडणुकीच्या तोंडावर खूश करणाऱ्या घोषणा, ज्यांना हल्ली ‘रेवडी’ म्हणतात. दुसरा अर्थ राज्यशास्त्रातला आहे. कास मुडे या अभ्यासकाने २००४ मध्ये केलेल्या मांडणीनुसार समाज दोनच गटांत विभागलेला आहे, एकीकडे निर्मळ जनता आणि दुसरीकडे भ्रष्ट उच्चभ्रू, आणि जनतेची इच्छा हेच अंतिम प्रमाण, ही धारणा म्हणजे लोकानुनयवाद. पहिला प्रकार ही निवडणुकीतली चाल आहे. दुसऱ्यात ‘आम्हीच जनता’ हा दावा असतो आणि त्या दाव्याला विरोधक, न्यायालये, वृत्तपत्रे ही अडचण वाटते. रेवडी वाटणारा पक्ष लोकानुनयवादी असतोच असे नाही आणि लोकानुनयवादी नेता काही वाटतोच असेही नाही.

विषमता मोजायची कशी?

एका गल्लीतली पाच घरे घेऊ. महिन्याचे उत्पन्न अनुक्रमे १०, १५, २०, ३५ आणि १२० हजार रुपये, एकूण २ लाख. सरासरी ४० हजार निघते, पण मधल्या घराचे उत्पन्न २० हजारच आहे. विषमता मोजण्यासाठी सर्वांत जास्त वापरला जातो तो गिनी गुणांक. शून्य म्हणजे सगळे सारखे, एक म्हणजे सगळे एकाच्याच घरात. या गल्लीचा गुणांक ०.४८ येतो.

आता सगळ्यांवर सरसकट १० टक्के कर लावून जमलेले २० हजार पाचही घरांत सारखे वाटले, तर प्रत्येकाला ४ हजार मिळतील. पहिल्या घराला ३ हजारांचा फायदा, दुसऱ्याला अडीच, तिसऱ्याला दोन, चौथ्याला ५०० रुपये. तोटा एकट्या पाचव्या घराला, ८ हजारांचा. गुणांक ०.४३२ वर उतरतो. मतदान घेतले तर चार विरुद्ध एक. मेल्ट्झर आणि रिचर्ड या अर्थशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये मांडलेल्या प्रतिमानाचा गाभा हाच : मधल्या मतदाराचे उत्पन्न सरासरीपेक्षा जितके खाली, तितकी फेरवाटपाची मागणी जास्त. या हिशोबाने लोकशाहीत विषमता आपोआप आटोक्यात यायला हवी. प्रत्यक्षात येत नाही. का येत नाही, हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न.

त्याआधी आकड्यांविषयी एक सावधगिरी. केंद्र सरकारच्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणात (२०२३-२४) गिनी गुणांक ग्रामीण भागात ०.२३७ आणि शहरी भागात ०.२८४ आहे, म्हणजे विषमता बेताचीच. वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या अंदाजानुसार मात्र २०२२-२३ मध्ये वरच्या १ टक्का लोकांकडे देशाच्या उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा होता. दोन्ही आकडे एकाच देशाचे आहेत, पण मोजलेली वस्तू वेगळी. पहिला खर्च मोजतो. श्रीमंत माणूस मिळकतीचा मोठा भाग खर्च न करता गुंतवतो, तो भाग तिथे दिसतच नाही. शिवाय बंगल्याच्या फाटकातून सर्वेक्षकाला आत जाणे झोपडीत जाण्यापेक्षा कठीण असते. दुसरा अंदाज आयकराची आकडेवारी, सर्वेक्षणे आणि राष्ट्रीय उत्पन्न यांची सांगड घालून काढलेला आहे, त्यामुळे त्यात गृहीतके जास्त. गिनी ०.२८ म्हणून भारत समताधिष्ठित ठरवणे, किंवा दुसऱ्या देशाच्या उत्पन्नाच्या गिनीशी आपल्या खर्चाच्या गिनीची तुलना करणे, या नेहमी होणाऱ्या चुका आहेत.

मत सारखे, पोहोच वेगळी

पाचव्या घराकडे मताखेरीज आणखी बरेच काही असते. विधानसभेच्या उमेदवाराला मोठ्या राज्यांत ४० लाख आणि लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख रुपये खर्चाची मर्यादा आहे (२०२२ पासून). ही मर्यादा उमेदवाराला लागू होते. पक्षाच्या खर्चाला कमाल मर्यादाच नाही. देणगीदाराचे नाव झाकणारी निवडणूक रोखे योजना सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवली. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सने शपथपत्रांवरून केलेल्या मोजणीत त्याच वर्षी निवडून आलेल्या ५४३ खासदारांपैकी ५०४ कोट्यधीश निघाले. गल्लीतल्या पहिल्या तीन घरांतून उमेदवार उभा राहणे कायद्याने शक्य आहे, परवडत मात्र नाही.

पाश्चात्त्य देशांत गरीब मतदानाला कमी जातात, म्हणून त्यांचा आवाज क्षीण होतो, असे तेथील अभ्यास सांगतात. विदर्भात चित्र उलटे आहे. १९ एप्रिल २०२४ रोजी एकाच दिवशी नागपूर लोकसभा मतदारसंघात सुमारे ५४ टक्के आणि गडचिरोली-चिमूरमध्ये सुमारे ७२ टक्के मतदान झाले. नागपूरची कमी टक्केवारी हा सगळा आळस नव्हे. भाड्याने राहणारा घर बदलतो, पत्ता बदलल्याचा नमुना ८ हा अर्ज भरायचा राहून जातो, नाव जुन्याच केंद्रावर असते किंवा यादीतून गळलेले असते. तरी एवढे खरे की आपल्याकडे गरिबाचे वजन मतदानाच्या दिवशी सर्वांत जास्त असते, आणि उरलेल्या पाच वर्षांत सर्वांत कमी. घोषणांचा पाऊस निवडणुकीच्या हंगामातच पडतो, याचे कारण हेच.

मधला दुवा तुटला की

विषमता आणि लोकानुनयवाद यांच्यामध्ये एक दुवा असतो : संघटना. नागपूरची एम्प्रेस मिल हे त्याचे जवळचे उदाहरण. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केलेल्या या गिरणीत निवृत्तिवेतन निधीसारख्या सोयी एकोणिसाव्या शतकातच आल्या. पुढे कामगार संघटनांमुळे पगार, बोनस, अपघाताची भरपाई यांवर वर्षभर वाटाघाटी होत राहिल्या. १९८६ मध्ये गिरणी सरकारी महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. संघटित कामगार विखुरला की तो रिक्षा चालवतो, सुरक्षारक्षक होतो, हातगाडी लावतो. उत्पन्न तर घटतेच, पण त्याची मागणी नोंदवणारी जागाही जाते. अशा माणसाशी थेट बोलणारा, मध्ये कुणी नको म्हणणारा नेता त्याला जवळचा वाटतो. त्याची चूक काढणे सोपे आहे; वर्षभर ऐकणारे दुसरे कोण उरले, हे आधी पाहायला हवे.

विषमतेचा राग नेहमीच चुकीच्या दिशेला जातो असे नाही. अमेरिकेत १८९२ मध्ये शेतकऱ्यांच्या पीपल्स पार्टीने चढत्या दराचा आयकर आणि सिनेटची थेट निवडणूक मागितली होती. विसाव्या शतकात दोन्ही गोष्टी प्रत्यक्षात आल्या. लोकानुनयवादी सत्तेत आल्यानंतरचा हिशोब मात्र फारसा चांगला नाही. फुंके, शुलारिक आणि ट्रेबेश यांनी १९०० ते २०२० या काळातील ५१ लोकानुनयवादी राष्ट्राध्यक्ष-पंतप्रधानांचा अभ्यास केला. अशा राजवटीनंतर १५ वर्षांनी दरडोई उत्पन्न एरवी असते त्यापेक्षा सुमारे १० टक्के कमी असते आणि विषमताही लक्षणीय घटत नाही, असे त्यांना आढळले. ज्यांच्या नावाने सत्ता आली, त्यांच्या पदरात फार पडत नाही.

नागपूर : अनुशेष आणि मोर्चा

१९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या नागपूरला विषमतेची भाषा प्रथम प्रदेशाच्या रूपाने माहीत झाली. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला निधी व नोकऱ्यांत न्याय्य वाटा आणि नागपुरात विधिमंडळाचे वर्षातून एक अधिवेशन यांची हमी दिली. प्रा. वि. म. दांडेकर समितीने १९८४ च्या अहवालात जिल्हा हे एकक धरून, राज्याच्या सरासरीमागे कोण किती आहे, हे मोजले आणि एकूण सुमारे ३,१८७ कोटींचा अनुशेष काढला. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के होता. अनुच्छेद ३७१(२) खाली १९९४ मध्ये स्थापन झालेल्या विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

अनुशेषाचे गणित गरजेचे आहे, पण त्यात एक खोट आहे. सरासरी जिल्ह्याची काढली की जिल्ह्याच्या आतली दरी बुजते. धरमपेठ आणि उत्तर नागपूरची झोपडपट्टी एकाच आकड्यात मोजली जाते. विजय केळकर समितीने तालुका हे एकक सुचवले ते यामुळेच. ‘आमचे त्यांनी पळवले’ हे वाक्य सभेत टाळ्या घेते. आमच्यात कुणाला किती मिळाले, हा प्रश्न त्या टाळ्यांत बुडतो.

हिवाळी अधिवेशनात मत आणि पोहोच यांतले अंतर रस्त्यावर मोजता येते. मोर्चाला आधी पोलिसांची परवानगी आणि ठरलेला मार्ग लागतो. अंगणवाडी सेविका, विनाअनुदानित शिक्षक, धान-कापसाचे शेतकरी यशवंत स्टेडियमसारख्या ठिकाणी सकाळी जमतात. टेकडी रोड किंवा मॉरिस कॉलेज टी पॉइंटला कठडे लावून मोर्चा अडवला जातो. विधानभवन तिथून हाकेच्या अंतरावर. शिष्टमंडळातले मोजके लोक पोलिसांच्या गाडीतून आत जातात, मंत्र्याला निवेदन देतात, आश्वासन घेऊन परततात. बाकीचे रस्त्यावर बसून शिदोरी सोडतात आणि रात्रीची गाडी धरतात. निवेदनावर पोचेचा शिक्का आणि आवक क्रमांक घेतला नसेल, तर पुढच्या वर्षी पाठपुरावा करायला हातात काहीच नसते. अनुभवी संघटना दोन प्रती नेतात आणि एकीवर शिक्का घेतल्याशिवाय बाहेर येत नाहीत.

२३ नोव्हेंबर १९९४ रोजी अशाच मोर्चात लाठीमार आणि चेंगराचेंगरी होऊन ११४ गोवारी बांधव मृत्युमुखी पडले. त्यांत बायका-मुले फार होती. अनुसूचित जमातींच्या यादीतील ‘गोंड गोवारी’ या नोंदीत दोन शब्दांमधला स्वल्पविराम राहून गेला, तो द्या, ही त्यांची मागणी. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ मध्ये ती मान्य केली, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये तो निकाल फिरवला. सीताबर्डीतला उड्डाणपूल त्या शहिदांच्या नावाचा आहे.

हक्क की मेहेरबानी

गरिबाला रोख मदत देणे चूक नाही. प्रश्न ती कोणत्या कागदावर मिळते, हा आहे. महाराष्ट्राची रोजगार हमी १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतून वाढली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम, नाहीतर बेरोजगार भत्ता. पैशासाठी व्यवसाय कर : आजही पगारदाराच्या स्लिपवर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० अशी वर्षाची २,५०० रुपयांची कपात दिसते, तिचे मूळ या योजनेत आहे. देणारा ठरलेला, घेणारा ठरलेला, मध्ये कायदा.

२००८ च्या केंद्रीय कर्जमाफीत २ हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला पूर्ण माफी होती. यवतमाळ-वर्ध्याकडे ७-८ एकर कोरडवाहू कापसाचे उत्पन्न ओलिताच्या दोन एकरांपेक्षा कमी असू शकते. तरी मोठा शेतकरी ठरून तो वगळला गेला, किंवा तीन चतुर्थांश थकबाकी आधी भरा, मग सवलत, या अटीत अडकला. सावकाराचे कर्ज तर हिशोबातच नव्हते. आत्महत्या विदर्भात, आणि निकष ओलिताच्या प्रदेशाला सोयीचा.

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना २८ जून २०२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली : वर्षाला अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील २१ ते ६० (लगेचच ६५ केलेल्या) वयाच्या स्त्रियांना महिन्याला १,५०० रुपये. नोव्हेंबरच्या निवडणुकीत सत्ताधाऱ्यांनी ते २,१०० आणि विरोधकांनी ३,००० करू, असे सांगितले. स्त्रीच्या स्वतःच्या खात्यात येणारी रक्कम घरात तिचा शब्द वाढवते, ही मोठी गोष्ट आहे. मात्र ही योजना शासन निर्णयावर उभी आहे. निवडणुकीनंतर छाननी सुरू होऊन लाखो नावे वगळली गेली. कायदा असता, तर वगळण्याआधी नोटीस आणि अपील यांची तरतूद त्यातच बांधता आली असती.

हाच फरक शहरात ले-आउटमध्ये दिसतो. नागपुरात ‘५७२’ आणि ‘१९००’ हे आकडे म्हणजे गुंठेवारी ले-आउटांची नावेच झाली आहेत. शेतजमीन अकृषक न करता पाडलेले प्लॉट लोकांनी हप्त्याने घेतले. २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली अर्ज, विक्रीपत्र, मोजणीचा नकाशा, मग विकास शुल्काची डिमांड, ती भरली की नियमितीकरणाचे पत्र म्हणजे ‘आरएल’. आरएल नाही तर नकाशा मंजूर नाही, बँकेचे कर्ज नाही. डिमांड भरूनही रस्ता आणि गडर लाइन (सांडपाण्याची वाहिनी) आली नसेल, तर ती दर निवडणुकीत नव्याने कबूल केली जाते, त्याच लोकांना.

इथे दोन कायदे कामी येतात. माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून ‘आमच्या ले-आउटमधून विकास शुल्क किती जमले आणि त्यातले कुठे खर्च झाले’ हे विचारता येते. उत्तर ३० दिवसांत, नाहीतर ३० दिवसांच्या आत पहिले अपील, त्यानंतर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे दुसरे. प्रश्न ‘का केले नाही’ असा विचारला की अर्ज फेटाळला जातो, कारण कायदा कागद देतो, खुलासा देत नाही. म्हणून मागायचे ते मोजमाप पुस्तिका, कामाचा आदेश आणि देयकाची प्रत. दुसरा कायदा २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम. त्यात अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत न दिल्यास अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. तो मागायचा तर अर्जाची दिनांक घातलेली पोच जपून ठेवावी लागते.