बाळ रडलं की तोंड वाकडं: नस दबलीय की स्नायूच कमी आहे?

बारशाच्या फोटोत बाळ देखणं. त्याच दिवशी कान टोचताना काढलेल्या व्हिडिओत मात्र भोकाड पसरलेलं आणि तोंड एका बाजूला ओढलेलं. द्राक्षाच्या हंगामात निफाडकडच्या एक आजी असाच मोबाइल पुढे धरून माझ्या नाशिकच्या ओपीडीत आल्या. सोबत सून आणि पंधरा दिवसांचा नातू. "डॉक्टर, याच्या उजव्या अंगाला वारं गेलंय का हो?" सून गप्प होती. ग्रहणात भाजी चिरलीस, असं तिला कुणीतरी ऐकवून झालं होतं.

बाळ झोपलेलं, चेहरा दोन्हीकडे अगदी सारखा. तळपायाला टिचकी मारली तसं रडायला लागलं. दोन्ही डोळे घट्ट मिटले, कपाळावर आठ्या आल्या, नाकपुडीपासून ओठापर्यंतची घडी दोन्ही गालांवर उमटली. फक्त खालचा ओठ उजवीकडे खाली ओढला गेला, डावीकडे जागचा हलला नाही. आजी बोट दाखवत होत्या ती उजवी बाजू धडधाकट होती. कमतरता डावीकडे होती.

ही चूक जवळपास सगळेच करतात. जे हलतं ते नजरेत भरतं, म्हणून हलणारी बाजूच वाकडी वाटते. आणि "तोंड वाकडं" म्हटलं की पुढचा शब्द लगेच लकवा. पण तान्ह्या बाळाचं तोंड रडताना वाकडं दिसतं ते दोन निरनिराळ्या कारणांनी, आणि त्यांचं एकमेकांशी फारसं नातं नाही.

पहिलं कारण चेहऱ्याची नस, मेंदूतून निघणारी सातवी. कानामागून बाहेर पडून ती कपाळ, डोळा, गाल, ओठ आणि मान अशा पाच फांद्यांनी पसरते. मोठ्या माणसात कानामागचा हाडाचा उंचवटा तिला आडोसा देतो. नवजात बाळात तो उंचवटा तयारच नसतो, नस कातडीखाली जवळजवळ उघडी असते. चिमटा लावून प्रसूती झाली, बाळ साडेतीन किलोच्या वर असलं किंवा आईच्या कमरेच्या हाडावर डोकं बराच वेळ दाबून राहिलं, तर तिच्यावर ताण येतो. हजारात साधारण एक-दोन बाळांना हे होतं. काही थोड्या मुलांत नस मुळातच नीट घडलेली नसते. कानाची पाळी खुजी, त्याच बाजूचा जबडा लहान, किंवा दोन्हीकडचा चेहरा निर्विकार आणि डोळे बाहेरच्या बाजूला वळत नाहीत, असं काही सोबत दिसलं तर शंका तिकडे जाते.

दुसरं कारण ओठाचा कोपरा खाली ओढणारा एकच चिमुकला स्नायू. तो एका बाजूला जन्मतः कमी वाढलेला असतो किंवा नसतोच, बहुतेकदा डाव्या बाजूला. नस शाबूत असते. हे हजारी तीन ते आठ बाळांत आढळतं, म्हणजे लकव्यापेक्षा जास्तच. तरी 'असिमेट्रिक क्राइंग फेसीज' हे त्याचं नाव कुणी ऐकलेलं नसतं.

गावाकडच्या लोकांना मी डीपीचं, म्हणजे गल्लीला वीज पुरवणाऱ्या रोहित्राचं, उदाहरण देतो. डीपी गेली की अख्ख्या गल्लीत अंधार, तसा नसेचा लकवा. दुसऱ्या प्रकारात गल्लीत सगळीकडे उजेड आहे, एका घरात बल्बच लावलेला नाही. फसवणारी तिसरी शक्यताही आहे: डीपी ठीक, पण त्या एका घराची वायर तुटलेली. नसेची फक्त खालच्या ओठाकडे जाणारी फांदी दुखावली तर वरून फरक कळत नाही. मग ओठाचा कोपरा अंगठा-बोटात धरून बघायचा, स्नायू नसेल तर तिथे पातळ लागतं. तरी खात्री नसेल तर सोनोग्राफी किंवा स्नायूंची विद्युत तपासणी.

घरी बघायचं असेल तर ओठ सोडा, डोळा बघा. रडताना एक डोळा अर्धवट उघडा राहतोय, त्याच बाजूची गालाची घडी सपाट आहे, दूध पिताना त्याच कोपऱ्यातून ओघळतंय, तर नस. डोळे नीट मिटतायत, दूध सांडत नाही, शांत असताना चेहरा सारखा आहे आणि रडण्यापुरतंच वाकडं होतंय, तर बहुधा स्नायू. आणि व्हिडिओ काढाच. दवाखान्यात बाळ नेमकं हूं की चूं करत नाही.

जन्मताना दबलेली नस दहापैकी नऊ बाळांत आपोआप सुधारते, बहुतेकदा काही आठवड्यांत. तोवर जपायचं ते डोळ्याला. पापणी मिटत नसेल तर बुबुळ कोरडं पडून जखम होते. दिवसा ओलाव्याचे थेंब, रात्री मलम आणि लागली तर पापणीवर चिकटपट्टी, डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे. काजळ अजिबात नको. काही महिन्यांत हालचाल परतलीच नाही तर पुढच्या तपासण्या होतात. ज्यांना कायमचं राहतं त्यांच्यासाठी साधारण पाचव्या वर्षाच्या आसपास शस्त्रक्रिया असते: पोटरीतल्या नसेचा तुकडा चांगल्या बाजूकडून पलीकडे नेतात, आणि काही महिन्यांनी मांडीच्या आतला एक स्नायू गालात बसवून तिला जोडतात. हसू परत यायला त्यानंतरही वेळ लागतो.

स्नायू कमी असेल तर ओठासाठी काहीच करायचं नाही, हे पालकांना पटवणं सगळ्यात अवघड. तेल चोळा हवं तर, बाळाला बरं वाटेल, पण नसलेला स्नायू मालिशनं उगवत नाही. हसण्याचे, वर ओढणारे स्नायू वेगळे असतात, त्यामुळे हसू बहुधा छानच दिसतं. मूल मोठं होतं, रडणं कमी होतं, वाकडेपणही कमी जाणवतो. मोठेपणी फारच खटकलं तर चांगल्या बाजूच्या स्नायूला बोटॉक्सनं ढिलं करून दोन्ही बाजू जुळवतात.

मात्र इथे बघायचं असतं हृदय. १९६९ मध्ये ग्लेन केलर या बालहृदयतज्ज्ञाने रडताना वाकडं होणारं तोंड आणि जन्मजात हृदयदोष यांची सांगड घातली. पुढे कळलं की अशा काही मुलांत २२व्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गळालेला असतो. त्यात हृदयाबरोबर टाळू, रक्तातलं कॅल्शियम आणि प्रतिकारशक्तीही बिघडू शकते. बहुतेक बाळांत यातलं काही निघत नाही. पण ओठाला हसण्यावारी नेऊन हृदयाकडे दुर्लक्ष झालं तर महागात पडतं, म्हणून मी छाती नीट ऐकतो आणि एकदा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला सांगतो. तो नाशिकमध्येच होतो, मुंबई गाठायची गरज नाही. दोष निघालाच तर जन्मजात हृदयदोष सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मोडतात, जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी.

निफाडच्या बाळाचा इको चांगला आला. रिपोर्ट घेऊन या वेळी बाळाचे वडील आले होते. हा प्रकार कधी कधी घराण्यात चालतो, म्हणून त्यांना म्हटलं, जरा खालचे दात दाखवा. त्यांनी दाखवले. उजवीकडचे दिसले, डावीकडे ओठ तसाच वर राहिला. आजी मुलाकडे बघतच राहिल्या. "अगं बाई, हा पण लहानपणी असाच तोंड वेंगाडून रडायचा. आम्ही म्हणायचो, नाटकी आहे मेला."

सुनेनं पहिल्यांदाच मान वर केली. ग्रहणाचं कुणी काही बोललं नाही.