भूदृश्य छायाचित्रण : व्यवसाय (नागपूर परिसर)

जमीन, पाणी, आकाश आणि त्यांवरचा प्रकाश हा मुख्य विषय धरून काढलेल्या छायाचित्रांच्या विक्रीवर, वापर-परवान्यांवर किंवा ग्राहकाच्या मागणीवरून केलेल्या कामावर चालणारा व्यवसाय. वन्यजीव छायाचित्रणाहून तो वेगळा मानतात. पेंच, ताडोबा आणि उमरेड-कऱ्हांडला जवळ असल्यामुळे नागपुरात निसर्ग छायाचित्रकार म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे वाघच येतो. भूदृश्याला ग्राहक शोधावा लागतो. केवळ भूदृश्यांवर घर चालवणारे थोडे. इमारती, कारखाने आणि खाणींची कामे जोडीला असतातच. वेस्टर्न कोलफिल्ड्स व मॉइल या खाण कंपन्यांची मुख्यालये शहरात आहेत, ही त्या दृष्टीने स्थानिक सोय म्हणता येईल.

उगम : उपलब्ध छायाचित्रांतील सर्वांत जुने छायाचित्र भूदृश्याचेच आहे. निसेफोर न्येप्स याने फ्रान्समधील ल ग्रा येथील घराच्या खिडकीतून कथिलाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर, बिट्युमेनचा (प्रकाशाने कठीण होणाऱ्या डांबराचा) थर देऊन ते घेतले. त्याचा काळ कोणी १८२६, कोणी १८२७ देतात. आठ तासांच्या प्रकाशनाचा (पत्र्यावर प्रकाश पडू देण्याच्या वेळेचा) नेहमीचा आकडा अंगणाच्या दोन्ही बाजूंवर ऊन दिसते एवढ्यावरच बेतलेला आहे. तीच रीत पुन्हा करून पाहणाऱ्यांच्या मते कित्येक दिवस लागले असावेत, आणि हे मत अधिक ग्राह्य वाटते.

भारतात हा व्यवसाय केव्हापासून धरावा याविषयी एकमत नाही. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली व डॉ. नारायण दाजी तिच्या कामात होते. परंतु तो मुख्यतः हौशी मंडळींचा मेळा होता. लिनियस ट्राइप १८५६ पासून मद्रास सरकारचे छायाचित्रकार होते, म्हणून काही जण त्यांना अग्रमान देतात. मात्र पगार सरकारी आणि विषयही सरकारने ठरवलेले, अशा कामाला व्यवसायापेक्षा नोकरी म्हणणे योग्य. सॅम्युएल बोर्न (भारतात १८६३–७०) यांनी मूळ काचांना (निगेटिव्हना) क्रमांक देऊन सूची छापली आणि मागणीनुसार प्रती विकल्या. आजच्या परवाना-विक्रीचा सांगाडा तिथे प्रथम स्पष्ट दिसतो. लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) यांनी इंदूरहून सुरुवात करून पुढे सिकंदराबाद व मुंबई येथे स्टुडिओ काढले.

या काळातील ओल्या कलोडियनच्या (काचेवर ओतायच्या चिकट द्रावाच्या) पद्धतीत काचेवर थर देणे, ती संवेदनशील करणे, प्रकाशन व विकसन ही सारी कामे थर ओला असतानाच उरकावी लागत. कलोडियन ईथर व अल्कोहोल यांत विरघळवलेले असते आणि ईथर ३४.६° से. ला उकळते. नागपुरात मार्चपासून पाऊस येईपर्यंत दुपारचे तापमान बहुधा याहून जास्त असते. म्हणजे थर काचभर पसरण्याआधीच कडेला सुकून सुरकुततो. मैदानी मुलखातील काम त्यामुळे हिवाळ्यावर ढकलले जाई व उन्हाळ्यात छायाचित्रकार डोंगर गाठत. १८७१ मध्ये मॅडॉक्स यांनी सुचवलेल्या जिलेटिनच्या सुक्या काचा पुढे रुळल्यावर ही अडचण संपली.

प्रकाश व ऋतू : नागपूर सुमारे २१° ९′ उत्तर अक्षांशावर आहे. सूर्य येथे तीव्र कोनात चढतो व उतरतो. क्षितिजापासून ६° उंचीपर्यंतचा, ज्याला गोल्डन अवर म्हणतात तो काळ विषुवदिनाला (दिवस-रात्र समान असताना) सुमारे २६ आणि अयनदिनांना (सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान दिवशी) सुमारे २८ मिनिटे भरतो. लंडनच्या अक्षांशावर विषुवदिनालाही तो ३८ मिनिटांच्या वर जातो. नागरी संधिप्रकाश (सूर्य क्षितिजाखाली ६° जाईपर्यंतचा उजेड) २२ ते २५ मिनिटांत आटोपतो. उत्तरेकडच्या देशांत लिहिलेल्या पुस्तकांतला ‘सूर्योदयानंतर तासभर’ हा नियम येथे निम्म्यावरच संपतो, म्हणून जागा व चौकट आदल्या संध्याकाळी ठरवून सूर्योदयापूर्वी ४५ मिनिटे ट्रायपॉड उभा असावा लागतो. सूर्योदयाची दिशा जूनमध्ये पूर्वेच्या २५° उत्तरेला, तर डिसेंबरात तितकीच दक्षिणेला असते. खिंडसी तलावावर उन्हाळ्यात निवडलेली जागा हिवाळ्यात निरुपयोगी ठरते ती यामुळे. मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि जुलैच्या मध्यास सूर्य माथ्यावर येतो. त्या दिवसांत दुपारी सावली पायाखाली जाते व उंचसखल जमीनही सपाट दिसते.

शहराच्या पश्चिमेला बेसॉल्ट व काळी माती, कापूस, सोयाबीन आणि काटोल-नरखेडच्या संत्राबागा. पूर्वेला भंडाऱ्याकडे धानाच्या बांध्या व मामा (माजी मालगुजारी) तलाव. दोन्हीकडचे रंग निराळे असल्याने ग्राहकाला नमुने दाखवताना ते एकत्र मिसळू नयेत. पळस फेब्रुवारीअखेर ते मार्च फुलतो. सर्वांत स्वच्छ हवा पाऊस ओसरल्यानंतरची, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. थंडीतल्या पहाटे धुके आणि धूर एकत्र साचतात. उत्तर क्षितिजावर कोराडी व खापरखेडा वीजकेंद्रांच्या चिमण्या चौकटीत येतात: कॅलेंडरवाल्याला त्या पुसून हव्या असतात, पर्यावरणावर लिहिणाऱ्या संपादकाला नेमक्या त्याच. वृत्तपत्रीय वापराच्या चित्रातून त्या पुसणे गैर समजले जाते, म्हणून मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्याने नोंदलेली, काही न बदललेली) जपून ठेवतात.

तंत्र : अग्रभाग ते क्षितिज स्पष्ट येण्यासाठी हायपरफोकल अंतर (ज्यावर फोकस केल्यास त्याच्या निम्म्यापासून क्षितिजापर्यंत सारे स्पष्ट येते ते) वापरतात: नाभीय अंतराचा वर्ग भागिले छिद्रांक (एफ/११ मधला ११) व मान्य धूसरवर्तुळ (डोळ्याला ठिपकाच वाटेल एवढा धूसर डाग) यांचा गुणाकार, अधिक नाभीय अंतर. पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यावर २४ मिमी लेन्स, एफ/११ आणि ०.०३ मिमी वर्तुळ धरल्यास ते सुमारे १.८ मी. येते व ०.९ मी.पासून पुढचे सारे स्पष्ट दिसते. परंतु ०.०३ हा आकडा हातात धरून पाहायच्या लहान प्रतींसाठीचा आहे. भिंतभर प्रतीसाठी ०.०१५ घ्यावा, म्हणजे अंतर ३.५ मी. होते. लेन्सवरील खुणा वा मोबाइल-तक्ते जुन्या आकड्यावर चालले, तर मोठ्या प्रतीत दूरची टेकडी मऊ पडते आणि हॉटेलचा सजावटकार प्रत परत करतो. एफ/१६ च्या पुढे विवर्तनाने (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने) सारेच मऊ होते.

सहा फूट (७२ इंच) रुंद प्रतीला २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याच्या रुंदीतल्या ६,००० बिंदूंतून (पिक्सेलमधून) इंचाला ८३ बिंदू मिळतात. जवळून पाहिल्यास ते अपुरे. कॅमेरा उभा धरून ३०% आच्छादनाने सात फ्रेम जोडल्यास सुमारे २०,८०० बिंदू, म्हणजे इंचाला २८९ मिळतात. एक्स्पोजर, फोकस व व्हाइट बॅलन्स हाताने बांधून ठेवावेत. समोर दोन-तीन मीटरवर झाड वा खडक असेल तर कॅमेरा लेन्सच्या प्रवेशछिद्राभोवती (समोरून छिद्र दिसते त्या जागेभोवती) फिरवणारी पट्टी लावावी लागते, नाहीतर सांध्यावर फांद्या तुटतात.

दहा स्टॉपचा (दर स्टॉपला प्रकाश निम्मा) एनडी, म्हणजे करडा फिल्टर प्रकाश सुमारे हजारपट कमी करतो: १/३० सेकंदाचे प्रकाशन ३४ सेकंद होते. मे महिन्यात तापलेल्या संवेदकावर अशा प्रकाशनात ठिपके उठतात, म्हणून कॅमेरा सावलीत ठेवून दोन फ्रेममध्ये विसावा देतात. तापलेल्या शेतावर टेलिलेन्सने काढलेली सकाळी नऊनंतरची चित्रे हवेच्या थरथरीने बिघडतात आणि संगणकावर ती सुधारत नाहीत. पावसाळ्यात एसी गाडीतून उतरताच लेन्सवर बाष्प धरते. बंद पिशवीतच वीस-तीस मिनिटे थांबावे. बुरशी टाळण्यासाठी कोरड्या पेटीत ४०–५०% आर्द्रता राखतात.

बाजार व हक्क : नव्या वर्षाच्या कॅलेंडरांची निवड पावसाळा संपता संपता होते, त्यामुळे हिरवी चित्रे मागच्या वर्षीची तयार हवीत. त्यातच व्याघ्रप्रकल्पांचे गाभाक्षेत्र पावसाळ्यात बंद असते. हिरवे जंगल मुख्यतः बाहेरच्या रस्त्यांवरून व तलावांकाठून मिळवावे लागते. हॉटेले, रुग्णालये व कार्यालये भिंतींसाठी चित्रे घेतात, पण अनेकदा सजावटकाराच्या मार्फत.

नवख्यांचे खरे नुकसान कोटेशनमध्ये होते. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १७ नुसार मोबदला देऊन सांगून काढवलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, उलट करार नसल्यास, काम देणारा असतो. स्वतःहून काढलेल्याचा छायाचित्रकार. हक्क सोपवणे लेखीच लागते, आणि कलम १९ नुसार मुदत न लिहिल्यास ती पाच वर्षे व प्रदेश न लिहिल्यास भारत धरतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्राचा हक्क आयुष्यभर व मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. म्हणून वापर, आकार, प्रती, मुदत, प्रदेश व एकाधिकार हे सहाही मुद्दे कोटेशनवर लिहावेत. ‘सर्व वापरासाठी’ असे लिहिणाऱ्याला त्याच चित्राचे पुढे काही मिळत नाही. निम्मी रक्कम आगाऊ घेण्याचा प्रघात आहे. वर्षाची उलाढाल २० लाख रुपयांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते.

परवानग्या : अभयारण्यात प्रवेशाची परवानगी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २८ खाली मिळते व त्यात छायाचित्रण हा स्वतंत्र उद्देश नोंदलेला आहे. ड्रोनला २०२१ चे नियम लागू आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो वगळता व्यावसायिक उड्डाणाला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागते. हरित क्षेत्रात १२० मी.पर्यंत, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमी पट्ट्यात ६० मी.पर्यंतच पूर्वपरवानगीविना उडवता येते. सोनेगावचा विमानतळ आणि वायुसेनानगरचा हवाई दलाचा तळ यांमुळे फुटाळा, अंबाझरी व सेमिनरी हिल्स येथून ड्रोन उडवण्याचा विचार डिजिटल स्काय हा ड्रोनसाठीचा सरकारी नकाशा पाहिल्याशिवाय करू नये.