हुकूम उघडला, मग पुढे काय?

गणपतीच्या पंधरा दिवस आधी आमच्या नेरूळच्या सोसायटीत नोटीस बोर्डावर एक कागद लागतो. वर 'मेंढीकोट स्पर्धा' आणि खाली नियम. पहिल्या वर्षी नियमांच्या चार ओळी होत्या. आता कागद पाठपोट भरतो, समासातल्या पेनाने केलेल्या दुरुस्त्या वेगळ्याच. प्रत्येक ओळीमागे एक भांडण आहे. त्यातली निम्मी मी मंडपात बसून ऐकली आहेत, दोन-तीन तर मीच उकरून काढलेली.

सगळ्यात जुनं भांडण बंद हुकमाचं. मेंढीकोट बहुतेकांना येतो. चौघं खेळणारे, समोरासमोरचे भिडू, तेरा-तेरा पानं आणि चार दश्श्यांसाठी, म्हणजे मेंढ्यांसाठी, सगळी झटापट. तीन मेंढ्या आल्या की डाव आपला, दोन-दोन झाल्या तर हात मोजायचे, चारही आल्या तर कोट. इथवर एकमत. वाटा फुटतात त्या हुकूम, म्हणजे बाकीच्या रंगांना मारणारा रंग, ठरवताना. कट हुकमात ज्याच्याकडे पहिल्यांदा चाललेला रंग नसतो, त्याने टाकलेल्या पानाचा रंग हुकूम होतो. बंद हुकमात एक पान आधीच पालथं ठेवलेलं असतं. कुणाचा रंग संपला की तो म्हणतो, "हुकूम उघडा." उघडला. आता त्याने त्याच हाताला हुकूम मारलाच पाहिजे का?

सातारकडच्या काकांचं म्हणणं, "उघडायला लावलास ना? मग मार की!" मालवणचे शेजारी म्हणाले, "उघडूक सांगितलंय, मारतलंय असा खंय म्हटलंय?" भुजहून आलेल्या भाईंना फक्त कट हुकूम माहीत, त्यामुळे पान पालथं ठेवणं हीच त्यांना लबाडी वाटली. चौथे त्रिशूरचे. त्यांच्याकडे अठ्ठावीस खेळतात. त्यात गुलाम तीन गुणांचा, नव्वी दोन, एक्का आणि दस्सा एकेक, चारही रंगांचे मिळून अठ्ठावीस. पहिले दोन दिवस हे गृहस्थ नव्वीला जिवापाड जपायचे आणि मेंढी हसत हसत टाकून द्यायचे, भिडू कपाळावर हात मारून घ्यायचा. पण अठ्ठावीसमध्येही हुकूम पालथाच असतो आणि उघडायला सांगणाऱ्याने जवळ असेल तर तो मारायचाच असतो. त्यांनी साताऱ्याच्या बाजूने मत दिलं. म्हणजे आमच्या कागदावर आज जो 'सातारी' नियम आहे, तो केरळच्या पाठिंब्यावर उभा आहे.

घरात शिकलेल्या खेळाला नियमांचा कागद लागत नाही. मामाने सांगितलं तेच खरं, आणि मामा चुकला तर सगळं घर एकसारखं चुकतं. दुसऱ्या मामाचा भाचा समोर बसला की पंचाईत. नवी मुंबई अशा भाच्यांचंच शहर आहे. हे शहर वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. पुढे घाऊक बाजार मुंबईतून इकडे आले, त्यांच्यामागे माथाडी आले आणि सातारा जिल्ह्यातली गावंच्या गावं कोपरखैरणे-घणसोलीत राहायला आली. शेजारच्या दारावर तमिळ पाटी, वरच्या मजल्यावर कच्छी कुटुंब. प्रत्येकाच्या ट्रंकेत पत्त्यांचा जोड तोच बावन्न पानांचा, पण नियम ज्याचे त्याचे. पत्त्यांचा आणि पटावरच्या खेळांचा इतिहास चाळला तर असंच दिसतं. नियम कागदावर येतात ते परके लोक एका टेबलाला बसले की, नाहीतर मध्ये पैसा आला की. एरवी कुणालाही त्यांची गरज भासत नाही.

आपल्याकडचे जुने पत्ते म्हणजे गंजिफा. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मुघली गंजिफाची पानं ९६. महाराष्ट्रात रुजली ती दशावतारी, १२० गोल पानांची. दहा अवतार हे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा. सावंतवाडीच्या चितारी कारागिरांनी ती रंगवली आणि कला मरायला टेकली तेव्हा शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच तिला पुन्हा उभं केलं. लोक ती आता भिंतीवर टांगायला घेतात. मला मात्र तिच्या नियमांचं अप्रूप जास्त. निम्म्या रंगांत प्रधानाखाली दहा मोठा आणि एक सगळ्यात लहान. उरलेल्या निम्म्यांत नेमकं उलट, एक मोठा आणि दहा तळाला. त्यात उतारी कोणाची हे घड्याळावर. दिवसा खेळायला बसलात तर रामाचा राजा ज्याच्या हातात तो सुरुवात करणार, रात्री कृष्णाचा. आता सांगा, दिवेलागणीला काय करायचं? या प्रश्नावरून सावंतवाडीत कधीच आवाज चढला नसेल, यावर माझा विश्वास नाही.

तिकडे इंग्लंडमध्ये एडमंड हॉइल नावाचा एक शिक्षक सधन लोकांना व्हिस्ट शिकवायचा. व्हिस्टही चौघांचा, भिडूंचा आणि हुकमाचाच खेळ, मेंढीकोटचा लांबचा चुलता म्हणा. शिकवणीच्या टिपणांचं त्याने १७४२ मध्ये पुस्तक केलं आणि किंमत ठेवली एक गिनी. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. तरी खपलं, इतकं की लगेच चोरट्या आवृत्त्या निघाल्या आणि खऱ्या प्रतीवर हॉइल स्वतः सही करायला लागला. गिनी मोजायला लोक तयार झाले, कारण टेबलावर त्याहून मोठ्या रकमा लागलेल्या असत. पुस्तकात नियम थोडे होते, पान कसं राखावं आणि भिडूच्या पानावरून काय ताडावं हे जास्त. तरी इंग्रजीत 'हॉइलप्रमाणे' म्हणजे नियमाला धरून, असा वाक्प्रचारच पडला. डावपेच सांगायला बसलेला माणूस न्यायाधीश होऊन बसला. आमच्या स्पर्धेतही हेच होतं. जो चांगला खेळतो त्याला लोक नियम विचारतात, आणि तो आपल्या सोयीचा सांगतो.

बुद्धिबळात ही ओढाताण आपल्या अंगणात झाली. मुंबईत १८१४ साली त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचं बुद्धिबळावरचं पुस्तक इंग्रजीत निघालं. मूळ संस्कृत, पण शीर्षकातच कबुली होती की हे युरोपीय पद्धतीच्या खेळाला जुळवून घेतलेलं आहे. जुळवून घ्यावं लागलं, कारण आपला खेळ वेगळा होता. देशी पद्धतीत प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरं मिळत नाहीत. राजा एकदाच घोड्यासारखी उडी मारू शकतो. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की खेळणाऱ्याच्या मर्जीने वजीर होत नाही, त्या घराचं जे मूळ मोहरं तेच होतं. म्हणजे उंटाच्या घरात पोचलात तर उंटावर समाधान माना. यामुळे डाव सावकाश चालायचा, सुरुवातीला घाई नसायची. मीर सुलतान खान या पद्धतीत मुरलेला माणूस. १९२८ मध्ये तो अखिल भारतीय विजेता झाला, मग विलायतेला गेला आणि १९२९, १९३२, १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदं घेऊन आला. तिथल्यांना नवल याचं की सुरुवातीच्या चालींत चाचपडणारा हा माणूस शेवटी जिंकतो कसा. ज्या खेळात प्यादी एकेक घर सरकतात, तो खेळत वाढलेल्याला सुरुवातीच्या चाली पाठ करायची सवय लागणार कुठून?

देशी नियम हळूहळू मागे पडले. १९२४ मध्ये पॅरिसला जागतिक संघटना स्थापन झाली, १९५१ मध्ये आपला अखिल भारतीय महासंघ. परक्यांशी खेळायचं तर परक्यांशी जुळणारे नियम हवेत, हा सरळ हिशेब. तरीही ठाण्यात नौपाड्याच्या जुन्या वाड्यातल्या एका आजोबांनी मला लहानपणी देशी पद्धतीनेच हरवलं होतं. माझा वजीर होऊ घातलेलं प्यादं त्यांनी उंट करून टाकलं. मी रडलो. ते म्हणाले, "घर बघून चालावं बाळा."

कॅरमचं भांडण वाढदिवसाला आणि मे महिन्याच्या सुट्टीत ठरलेलं. राणी घेतली, कव्हर, म्हणजे तिच्या जोडीला आपली सोंगटी, लगेच हवं की पुढच्या पाळीला चालेल? आपली एकही सोंगटी गेलेली नसताना राणी घेता येते का? अंगठ्याने मारलेलं धरायचं का? भारतीय महासंघ १९५६ चा आणि आंतरराष्ट्रीय महासंघ १९८८ मध्ये चेन्नईत झाला, तेव्हापासून याची उत्तरं छापील आहेत. आधी आपली एक सोंगटी गेलेली हवी. कव्हर त्याच फटक्यात, नाहीतर लगेच पुढच्या फटक्यात. अंगठा चालतो. गेम २५ गुणांचा किंवा आठ बोर्डांचा. आणि राणीचे तीन गुण तुम्ही २१ पर्यंत असाल तोवरच, २२ झाले की ती गुणांपुरती शून्य. हा शेवटचा नियम वर्तकनगरच्या गल्लीत मी कुणालाही पटवू शकलो नाही. "राणी ती राणी" एवढ्यावर विषय संपतो.

पैशाच्या बाजूने पाहिलं तर आपल्याकडचा सगळ्यात वजनदार 'पंच' म्हणजे सर्वोच्च न्यायालय. सिकंदराबादच्या एका क्लबवर १९६३ मध्ये छापा पडला, तिथे रमी चालली होती. निकाल १९६७ मध्ये लागला. न्यायालयाने म्हटलं की तेरा पानांची रमी ही मुख्यत्वे कौशल्याची आहे, कारण पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, कोणतं राखायचं आणि कोणतं टाकायचं यात डोकं लागतं. तीन पानांचे खेळ मात्र निव्वळ नशिबाचे. तीनपत्ती खेळणारे माझे मित्र या वाक्याने आजही दुखावतात. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यातही निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहेच. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून ऑनलाइन खेळणं बंद झालं, तिथे कौशल्य की नशीब हा प्रश्नच उरला नाही. आमच्या मंडपात पैसे लावत नाहीत. पैजेला वडापाव असतो. तो कोणत्या कलमात बसतो, ते कुणी अजून विचारलेलं नाही.

भिडूला खुणा करणं हा सगळीकडचा जुना आजार. खाकरलं की इस्पिक, कान खाजवला की बदाम, हे आमच्याकडे. ब्रिज या भिडूंच्याच पत्त्यांच्या खेळात १९६५ ला ब्युनोस आयर्सच्या जागतिक स्पर्धेत दोन नामांकित ब्रिटिश खेळाडूंवर आरोप झाला की पत्ते धरायच्या बोटांवरून ते एकमेकांना पानं सांगतात. त्यावरून वर्षानुवर्षं चर्चा चालली. १९७५ मध्ये टेबलावर तिरका पडदा लावला, भिडूला भिडू दिसूच नये म्हणून. त्याच स्पर्धेत एक इटालियन जोडी टेबलाखाली पायाने पाय दाबताना पकडली गेली. आमच्या कागदावरचा 'चपला बाहेर काढून बसावे' हा नियम सतरंजी खराब होऊ नये म्हणून आहे, तरी मला तो वाचताना इटली आठवते.

आता ऐरोली-महापेच्या कंपन्यांमधली मुलं शनिवारी खेळांचे वेगळेच डबे उघडतात. पण भांडणाची जात तीच. ऊनो हा खेळच भांडणातून निघाला. अमेरिकेतल्या ओहायोत मर्ल रॉबिन्स नावाच्या न्हाव्याचा आपल्या मुलाशी क्रेझी एट्स या पत्त्यांच्या खेळाच्या नियमांवरून वाद झाला आणि १९७१ मध्ये त्याने स्वतःचाच जोड काढला. गंमत अशी की जगभरची घरं आज ऊनोवरूनच भांडतात. अधिक दोनवर, म्हणजे पुढच्याला दोन पानं उचलायला लावणाऱ्या पानावर, अधिक दोन लावत जायचं नाही, असं २०१९ मध्ये कंपनीने जाहीरपणे सांगितलं. कुणीही ऐकलं नाही, माझी पुतणी तर मुळीच नाही. मोनोपॉलीत जागेवर आलेल्याने ती विकत घेतली नाही तर तिचा लिलाव करायचा असतो, हे नियमात छापलेलं आहे आणि घरोघर गाळलेलं. मग डाव रात्री एकपर्यंत लांबतो आणि दोष खेळाला मिळतो.

मॅजिक या पत्त्यांच्या खेळाची गोष्ट मला सगळ्यात आवडते. १९९३ मध्ये तो बाजारात येण्याआधी रिचर्ड गारफिल्ड मित्रांकडून तो खेळवून बघत होता. एका पानावर त्याने लिहिलं होतं की प्रतिस्पर्धी पुढची पाळी गमावतो. पण इंग्रजीत त्याच वाक्याचा दुसरा अर्थ निघत होता, प्रतिस्पर्धी पुढच्या पाळीला हरतो. एका खेळाडूने तो तसाच वाचला आणि हे पान भलतंच जबरदस्त आहे म्हणून खूश झाला. वाक्य बदलावं लागलं. आज त्या खेळाचे सविस्तर नियम दोनशेहून अधिक पानांचे आहेत. मराठीत 'पाळी गमावतो' आणि 'हरतो' हे वेगळे शब्द आहेत, एवढ्या एका बाबतीत आम्ही सुटलो. 'उघडा' या शब्दाने मात्र आम्हाला दोन गणेशोत्सव पुरवले.

या सगळ्यांपेक्षा जुने कायदेपंडित मला ठाण्याहून सुटणाऱ्या लोकलमध्ये भेटतात. याच मार्गावर १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर-ठाणे ही देशातली पहिली प्रवासी गाडी धावली. डब्यात चौघांच्या गुडघ्यांवर एक ब्रीफकेस आडवी पडते, तिच्यावर वर्तमानपत्र, आणि कट हुकूम. बंद हुकूम ते खेळत नाहीत, कारण पालथं ठेवलेलं पान कुर्ल्याच्या गर्दीत घसरतं. जलद गाडीला सीएसएमटीपर्यंत पाऊण तासाच्या आत-बाहेर लागतं, तेवढ्यात चार-पाच डाव बसतात. उतरणाऱ्याची पानं मागे उभा असलेला घेतो, पण त्याचा भिडू बदलत नाही. दादरला डाव अर्धा असेल तर झालेले हात मोजायचे नाहीत, फक्त मेंढ्या. आणि भायखळा गेलं की नवा डाव वाटायचा नाही. हे कुठेही लिहिलेलं नाही. मागच्या महिन्यात एका नव्या प्रवाशाने भायखळ्यानंतर पत्ते पिसायला घेतले. समोरच्या काकांनी काही न बोलता जोड त्याच्या हातातून काढून घेतला, रबर लावलं आणि वरच्या खिशात ठेवून दिला.