चेक इंजिनचा दिवा लागला? कृपया बॅटरीची तार काढू नका
(पॉवर स्टिअरिंग प्रेशर सेन्सरबद्दल आमच्या ग्राहकांसाठी)

पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवलं की इंजिन थरथरतं, आरपीएमचा काटा खाली येतो, कधी गाडी बंदच पडते. मीटरवर पिवळा दिवा लागलेला असतोच. पावसाळ्यात अशा गाड्या आमच्याकडे जास्त येतात आणि बरेच जण स्कॅनरवर दिसलेला बिघाडाचा कोड आणि निदानही सोबत आणतात: ‘पी०५५० कोड आहे, प्रेशर सेन्सर गेलाय, बदलून टाका.’ काहींच्या हातात नाना पेठेतून घेतलेला नवा सेन्सरही असतो.

हा सेन्सर असतो हायड्रॉलिक, म्हणजे ऑइल आणि पंपवाल्या स्टिअरिंगला. तोही सगळ्या गाड्यांत नसतो. हल्लीच्या बहुतेक छोट्या गाड्या इलेक्ट्रिक स्टिअरिंगच्या आहेत. बॉनेटखाली स्टिअरिंग ऑइलची डबी नसेल, तर हे पत्रक शेजाऱ्यांना द्या.

उभ्या गाडीत चाकं वळवली की पंपावर जोर येतो आणि पंप इंजिनच्या पट्ट्यावर चालतो. सेन्सर हा वाढलेला दाब ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, कळवतो, ईसीएम आयडलिंग (रेस न देता इंजिन फिरतं तो वेग) किंचित वाढवतो, गाडी बंद पडत नाही. सेन्सरचं काम इथे संपलं. त्यामुळे स्टिअरिंग जड झालं असेल तर सेन्सरला दोष देऊ नका. तिथे ऑइलची पातळी, पट्टा आणि पंप बघावा लागतो.

आता कोडबद्दल. पी०५५० म्हणजे ‘सर्किटमध्ये बिघाड’. पी०५५२ म्हणजे सिग्नल फार कमी, पी०५५३ म्हणजे फार जास्त, पी०५५४ म्हणजे अधूनमधून तुटणारा. यातला एकही कोड ‘सेन्सर बदला’ असं म्हणत नाही. कोड तुम्हाला पेठ सांगतो, वाडा शोधावा लागतो. सर्किटमध्ये सेन्सर, कनेक्टर, तीन तारा आणि ईसीएम इतकं सगळं येतं. सोसायटीच्या पार्किंगमधल्या उंदरांनी कुरतडलेली वायर किंवा वॉशिंग सेंटरच्या प्रेशरने कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी आम्हाला नेहमी सापडतं. कनेक्टर उघडला की पिनांवर हिरवट थर, नाहीतर गळक्या पाइपचं ऑइल आत पाझरलेलं. अशा कनेक्टरला नवा सेन्सर लावा, दिवा पुन्हा लागणार. आणि इलेक्ट्रिकल पार्ट दुकानदार सहसा परत घेत नाही, हे वेगळं सांगायला नको.

आमचा खरा वेळ जातो तो दुसऱ्याच गोष्टीत. दिवा लागला की कुणीतरी सुचवतं, ‘बॅटरीची तार दहा मिनिटं काढून ठेव, जाईल.’ दिवा जातोही. पण कोड लागला त्या क्षणी इंजिन किती गरम होतं, आरपीएम किती होता, गाडी उभी होती की चालत होती, ही नोंद ईसीएमने ठेवलेली असते. तार काढली की तीही पुसली जाते. शिवाय बऱ्याच गाड्यांत ईसीएमने त्या इंजिनप्रमाणे शिकून जुळवलेलं आयडलिंगही जातं, मग गाडी थोडा वेळ तशीही थरथरते आणि मूळ दोष कुठला, हे कळेनासं होतं. मोबाइलला जोडायच्या स्कॅनरवर ‘क्लिअर’ दाबलं तरी नोंद गेलीच. कोड वाचा, फोटो काढा, पण पुसू नका. पुसलेला कोड परत येईपर्यंत गाडी आमच्याकडे उभी राहते आणि तुम्ही रिक्षाने फिरता.

‘नुसतं बघायचे पैसे कसले?’ हेही नेहमी विचारलं जातं. बघतो ते असं: स्कॅनरवर चालू रीडिंग लावून स्टिअरिंग एका टोकाला नेतो, आकडा चढतो का पाहतो. (टोकाला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त धरत नाही, पंप तापतो. तुम्हीही धरू नका.) मग कनेक्टर काढून, इग्निशन चालू ठेवून मल्टिमीटरने एका तारेवर ५ व्होल्ट येतात का आणि अर्थिंग नीट आहे का ते मोजतो. कनेक्टर काढल्यावर रीडिंग एका टोकावरून दुसऱ्या टोकाला उडालं, तर तारा आणि ईसीएम बहुधा ठीक आणि संशय सेन्सरवर. ढिम्म हललं नाही, तर वायरिंग तपासायचं. ५ व्होल्टची ही तार बऱ्याच गाड्यांत इतर सेन्सरांनाही जाते. म्हणून दोन-तीन सेन्सरांचे कोड एकदम आले, तर आधी तीच बघतो. ईसीएमच्या तारांना टेस्ट लॅम्प (तारेत करंट आहे का बघायचा बल्ब) आम्ही लावत नाही, बाहेरही कुणाला लावू देऊ नका.

तपासणीचा चार्ज आहे, पण दुरुस्ती आमच्याकडे केलीत तर तो बिलात वळता होतो. सेन्सरच निघाला, तर तो बदलताना थोडं ऑइल सांडतं आणि लाइनमध्ये हवा शिरते. ती काढणं आणि ऑइल पुरं करणं आमच्या मजुरीत धरलेलं आहे. स्वतः आणलेला सेन्सर बसवून देतो, मात्र त्याची वॉरंटी आमची नाही.

गाडी सकाळी आणलीत तर कनेक्टर-वायरिंगचं काम बहुतेक वेळा त्याच दिवशी होतं. पार्ट मागवावा लागला, तर आधी फोनवर किंमत सांगतो आणि तुमचा होकार आल्यावरच ऑर्डर देतो. काढलेला जुना पार्ट डिकीत ठेवलेला असतो.