‘याचा अर्थ काय?’ – ईस्टर आणि लहान मुले

ईस्टरचा, म्हणजे येशू मेलेल्यातून उठल्याच्या सणाचा, अर्थ लहान मुलांना समजावून सांगणे हे काही हल्लीच्या सुट्टीतल्या शिबिरांचे खूळ नव्हे. येशूचे शेवटचे भोजन झाले ते यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या दिवसांत. त्या सणाबद्दल बायबलच्या निर्गम पुस्तकात, 12 व्या अध्यायात, सांगून ठेवले आहे की मुले ‘याचा अर्थ काय?’ असे विचारतील, तेव्हा त्यांना मिसर (इजिप्त) देशातल्या गुलामीतून झालेल्या सुटकेची हकीकत सांगा. ख्रिस्ती मंडळींनी हीच रीत पुढे चालवली. सुटका मात्र पापातून आणि मरणातून झाली, असे सांगितले.

वल्हांडण पौर्णिमेचा, म्हणून ईस्टरही चंद्राला बांधलेला. सगळ्यांनी एकाच रविवारी सण पाळावा, असे इ.स. 325 मध्ये नायसिया इथल्या ख्रिस्ती धर्मगुरूंच्या परिषदेत ठरले. पुढे रूढ झालेल्या गणिताप्रमाणे 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार धरतात. म्हणून आपल्या बेळगावात ईस्टर कधी होळीच्या पाठोपाठ येतो, तर कधी हनुमान जयंतीच्या आसपास.

येशूची कथा मराठी ओव्यांत आली ती घाटाखाली, गोव्यात. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली छापले गेले. खुद्द बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे काम 1820 मध्ये सुरू झाले, 1904 मध्ये ते मेथॉडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाकडे गेले. कॅथलिकांचा बेळगाव धर्मप्रांत 1953 चा. त्यामुळे इथे एक मूल ही गोष्ट मराठीत ऐकते, दुसरे कन्नडमध्ये, तिसरे कोकणीत.

अडचण येते ती ईस्टरआधीच्या शुक्रवारची, येशूच्या क्रूसावरच्या मरणाची. खिळे आणि रक्त यांचे वर्णन पाच वर्षांच्या मुलापुढे नको, हे खरे. पण मरण गाळून थेट रविवारवर उडी मारली, तर पुनरुत्थानाला काही अर्थच उरत नाही. येशू खरोखर मेला, आपल्यासाठी मेला आणि देवाने त्याला उठवले, एवढे सरळ सांगावे. पुढचे काम शुभवर्तमानेच, म्हणजे येशूचे चरित्र सांगणारी बायबलमधली पुस्तकेच, करतात. पहाटे कबरेकडे गेलेल्या बाया, बाजूला सरकलेली धोंड, येशूलाच माळी समजलेली मग्दालीया मरीया. ‘मग तो भूत होता का?’ हा मुलांचा हमखास प्रश्न. तो शिष्यांनाही पडला होता! त्यांतले एक शुभवर्तमान लिहिणारा लूक सांगतो, येशूने त्यांच्यासमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला.

ईस्टरची अंडी मागाहून आली. युरोपात ईस्टरआधीच्या उपवासकाळात ती वर्ज्य असत, म्हणून सणाला त्यांचे अप्रूप. ईस्टरचा ससा तर त्याहून अलीकडचा, जर्मन मुलुखातला. शुभवर्तमानात दोघांचाही पत्ता नाही.

येशू तिसऱ्या दिवशी उठला म्हणतात, मग शुक्रवार ते रविवार तीन दिवस कसे, असेही एखादे चौकस पोर विचारते. यहुदी दिवस सूर्यास्ताला बदलतो आणि दिवसाचा तुकडाही पूर्ण दिवस धरतात: शुक्रवार एक, शनिवार दोन, रविवार तीन. आपल्याकडे दहावा-तेरावा मोजताना मरणाचा दिवस पहिला धरतात, तशीच ही मोजणी.