प्राथमिक वर्गांतील भूगोल अध्यापन

सहा ते दहा वर्षांच्या मुलांना जागा, दिशा, अंतर, नकाशा आणि भोवतालचे जगणे यांची ओळख करून देण्याची अध्यापनपद्धती. महाराष्ट्रात गेल्या दशकातील पाठ्यक्रमानुसार हा भाग तिसरीपासून ‘परिसर अभ्यास’ विषयात येतो; भूगोलाचे वेगळे पुस्तक सहावीत मिळते. बालभारतीने तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्हावार काढले. ज्ञाताकडून अज्ञाताकडे जाण्याचे तत्त्व पुस्तकात उतरल्याचे हे मोलाचे उदाहरण आहे.

नकाशा वाचायला शिकण्याआधी मुलाने तो करायला हवा. सुरुवात काडेपेटीपासूनही होते. ती कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली की वरून पाहिल्यावर वस्तू कशी दिसते ते उमगते. मग वर्गाच्या भिंती पावलांनी मोजायच्या आणि एका पावलाला वहीतला एक चौकोन धरायचा. प्रमाणाची कल्पना इथेच रुजते. स्वित्झर्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शिक्षणतज्ज्ञ पेस्टालोझी यांच्या इव्हर्दों येथील शाळेत मुलांना जवळच्या दरीत नेत, तिथली चिकणमाती आणवत आणि त्या दरीची प्रतिकृती टेबलावर करवून घेत. नकाशा त्यानंतर हाती येई.

दिशांच्या बाबतीत सर्वाधिक घोळ भिंतीवरच्या नकाशामुळे होतो. उत्तर म्हणजे ‘वर’, आभाळाकडे, असे मुले धरून चालतात. नकाशा जमिनीवर अंथरून खऱ्या उत्तरेशी जुळवला की ही समजूत सुटते. ‘सूर्य पूर्वेला उगवतो’ हे वाक्यही जपून वापरावे. तो नेमका पूर्वेला उगवतो तो २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास. डिसेंबरात महाराष्ट्रातून तो सुमारे २५ अंश दक्षिणेकडे सरकलेला दिसतो. त्यापेक्षा मैदानात काठी रोवणे चांगले. काठीची सावली सर्वांत आखूड होते तेव्हा ती उत्तर-दक्षिण रेषेवर असते. जूनमध्ये ती दक्षिणेकडे पडते, दिवाळीनंतर उत्तरेकडे. तेव्हा हा प्रयोग दोन्ही सत्रांत करावाच.

गाव, तालुका, जिल्हा, राज्य ही उतरंड मोठ्यांना वाटते तितकी सोपी नाही. बालमानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांना जिनिव्हातील लहान मुलांमध्ये असे आढळले, की आपण जिनिव्हाचे आणि त्याच वेळी स्वित्झर्लंडचेही आहोत, हे त्यांना पटत नसे. जिनिव्हा आणि स्वित्झर्लंड वर्तुळांनी दाखवायला सांगितले, की दोन्ही वर्तुळे ती एकात एक न काढता शेजारी शेजारी काढत. सातारा जिल्हा आणि सातारा तालुका यांतही असाच गोंधळ होतो. एकात एक बसणारे डबे इथे उपयोगी पडतात.

राजधान्या आणि नद्यांची लांबी पाठ करून घेण्याची या वयात घाई नको. मूल्यमापनासाठी एक काम पुरते: पाहुण्याला शाळेतून घरी पोहोचता येईल असा नकाशा काढणे. त्यात पार, पिठाची गिरणी, ओढ्यावरचा मोरी-पूल यांपैकी कोणत्या खुणा घेतल्या आणि त्यांचा क्रम बरोबर आहे का, एवढेच तपासावे. रेषा वाकड्या असल्या तरी गुण कापू नयेत.